जलपरीची शेपटी हिरवीच का? रंगभरणाच्या एका पानाचा इतिहास

आज लढाई नाही, किल्ला नाही, तहही नाही. आजचा विषय आहे एक साधा ए-फोर कागद, ज्यावर काळ्या रेषेत एक जलपरी छापलेली आहे. हसू नका, या कागदालाही इतिहास आहे. आणि त्यावरून लोक चांगले कडाकडा भांडलेले आहेत.

सुरुवात माझ्या भाचीपासून करते. वय वर्षं सहा. गेल्या महिन्यात ताईकडे गेले होते. बाहेर पाऊस, टीव्ही बंद, पोरगी कंटाळलेली. मी म्हटलं, "चल, जलपरी काढूया." तर ती म्हणाली, "मला नाही येत. मावशी, तू प्रिंट काढून दे ना."

मी मोबाइलवर शोधलं, ढिगाने चित्रं सापडली. खालच्या झेरॉक्सवाल्या दादांना व्हॉट्सअ‍ॅप केलं, पाच प्रिंट हातात. आणि मग काय सांगू! अर्धा तास घरात शांतता. जीभ जरा बाहेर, नाक कागदाला टेकलेलं, रेषेबाहेर रंग जाऊ नये म्हणून खडू हळूच फिरवणं चालू. ताई तर म्हणाली, "रोज येत जा गं!"

शेवटी मी सहज विचारलं, "शेपटी जांभळी केली तर?" तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी दोन अधिक दोन पाच म्हटलंय. "मावशी, शेपटी हिरवीच असते. आणि केस लाल."

आता ही तीच पोरगी, जिने दोन वर्षांपूर्वी हॉलच्या भिंतीवर तीन पायांचा हत्ती काढला होता आणि वर "हा पळतोय" असं सांगितलं होतं. तेव्हा तिला सगळं येत होतं. आता "नाही येत".

म्हणजे एकाच कागदाने दोन गोष्टी दाखवल्या. पोरगी अर्धा तास एका जागी, एका कामात बुडून बसली, हे खरं. आणि "मला नाही येत" हेही खरं. मग हा कागद मुलांचं भलं करतो की नुकसान? हा प्रश्न जुना आहे. चला, मागे जाऊया.

जलपरीचं पहिलं चित्र कुठे होतं?

सन १८३७. डेन्मार्कमधलं कोपनहेगन. हान्स ख्रिश्चन अँडरसन नावाचा लेखक छोट्या जलपरीची गोष्ट छापतो. गंमत म्हणजे त्या पहिल्या छपाईत चित्रच नव्हतं. वाचणाऱ्याने आपापली जलपरी डोक्यात काढायची. पुढे साधारण १८४९ मध्ये अँडरसनच्या गोष्टींना विल्हेल्म पेडरसन नावाच्या माणसाची चित्रं मिळाली. हा नौदलात अधिकारी होता, म्हणजे समुद्र बघितलेला माणूस. पण ती चित्रंही काळी-पांढरी. रंग नाहीच.

मग १९१३ मध्ये कोपनहेगनच्या किनाऱ्यावर, दगडावर बसलेला तो प्रसिद्ध ब्राँझचा पुतळा आला. शिल्पकार एडवर्ड एरिक्सन. त्या पुतळ्याचा फोटो कधी नीट बघा. एकसंध माशाची शेपटी नाहीये. दोन पाय वेगळे दिसतात आणि खाली जाऊन ते माशाच्या परांसारखे होतात. म्हणजे अँडरसनच्याच गावात जलपरी वेगळी दिसते.

अजून लांब जाऊया. थायलंडमध्ये रामायणाचं जे रूप आहे, रामकियन, त्यात रावणाची मुलगी जलपरी आहे! नाव सुवर्णमत्स्या. समुद्रावर सेतू बांधायचं काम ती मोडायला येते आणि हनुमानाच्या प्रेमात पडते. नावातच आलं बघा, तिची शेपटी सोन्याची. आणि आपल्याकडे? मंदिरातला मत्स्यावतार आठवा. वर विष्णू, खाली मासा. दगडात कोरलेला, त्यामुळे रंग तुमच्या मनातला.

मग ही हिरवी शेपटी आणि लाल केस कुठून आले? १९८९ मध्ये आलेल्या डिस्नेच्या सिनेमातून. केस लाल का? एक कारण असं की १९८४ च्या 'स्प्लॅश' या सिनेमातली जलपरी सोनेरी केसांची होती, तिच्यापेक्षा ही वेगळी दिसायला हवी होती. दुसरं कारण रंगांचं. लाल आणि हिरवा हे एकमेकांविरुद्धचे रंग, शेजारी ठेवले की दोन्ही उठून दिसतात. म्हणजे माझ्या भाचीला जो निसर्गाचा नियम वाटतो, तो कॅलिफोर्नियातल्या एका स्टुडिओतला निर्णय आहे. तोही तिच्या आईच्या लहानपणचा!

हे आपल्या विषयासाठी महत्त्वाचं आहे. गाईचं चित्र असेल तर मूल खिडकीतून गाय बघू शकतं. जलपरी कुणीच बघितलेली नाही. तिचा बरोबर रंग असा नसतोच. तरीही मूल "चुकलं" म्हणून घाबरतं.

आधी मजुरी, मग मजा

आता त्या कागदाकडे वळूया. चित्रात रंग भरण्याचं काम मुलं कधीपासून करतात? उत्तर ऐकून जरा कसंतरी होईल.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला रंगीत छपाई स्वस्त नव्हती. लंडनमध्ये मुलांची पुस्तकं काळ्या शाईत छापली जायची आणि मग हाताने रंगवली जायची. कोण रंगवायचं? बऱ्याचदा मुलंच. टेबलाभोवती रांगेत बसलेली. एकाकडे फक्त लाल, दुसऱ्याकडे फक्त निळा, तिसऱ्याकडे पिवळा. लालवाल्याने टोपी रंगवायची आणि कागद पुढे सरकवायचा. म्हणजे सुखवस्तू घरातल्या मुलांसाठीची पुस्तकं गरीब घरातली मुलं पैशांसाठी रंगवत होती. रेषेच्या आत, नेमून दिलेला रंग. तिथे "शेपटी जांभळी केली तर?" असं विचारायची सोय नव्हती.

त्याच्याही आधीपासून श्रीमंत मोठी माणसं मात्र हौस म्हणून रंग भरत होती. १७६० च्या सुमारास लंडनच्या रॉबर्ट सेयरने 'द फ्लोरिस्ट' नावाचं पुस्तक काढलं. फुलांची रेखाचित्रं, आणि कुठल्या फुलाला कुठला रंग याच्या सूचना. म्हणजे आज आपण ज्याला मोठ्यांची रंगभरणाची पुस्तकं म्हणतो, ती काही काल-परवाची नाहीत.

मुलांसाठी हौसेची पुस्तकं आली ती १८७९-८० च्या आसपास. केट ग्रीनवे नावाची इंग्लिश चित्रकर्ती होती, तिच्या रेखाचित्रांचं 'लिटल फोक्स पेंटिंग बुक' आलं. अमेरिकेत न्यूयॉर्कच्या मॅक्लॉफलिन ब्रदर्स या प्रकाशकांनी अशा पुस्तकांचा बाजार उभा केला. नाव बघा, पेंटिंग बुक. कारण तेव्हा पाण्याचे रंग आणि ब्रश लागायचा. टेबल हवं, पाणी हवं, सांडलं तर ओरडणारं कुणीतरी मोठं माणूस हवं.

हे सगळं बदललं १९०३ मध्ये. अमेरिकेतल्या बिनी अँड स्मिथ कंपनीने मेणाच्या खडूंची पेटी काढली. आठ रंग, किंमत पाच सेंट. नाव क्रेयोला. पाणी नको, ब्रश नको, कुठेही बसा आणि रंगवा. खडू स्वस्त झाला, कागद स्वस्त झाला आणि रंगभरणाचं पुस्तक घराघरात शिरलं. पण एक लक्षात घ्या, इथपर्यंत ही सगळी गोष्ट प्रकाशक आणि कंपन्यांची आहे. मुलांच्या मनाचं काय होतं, हे अजून कुणी विचारलेलं नव्हतं.

"मला नाही येत" कुठून येतं?

विचारणारे आले ते शिक्षणातून. आणि इथे दोन तट पडतात.

पहिला तट व्हिएन्नाचा. १८९७ मध्ये फ्रान्झ चिझेक नावाच्या चित्रशिक्षकाने तिथे मुलांसाठी चित्रवर्ग सुरू केला. त्याचं म्हणणं सोपं होतं. मुलाचं चित्र हे मोठ्यांच्या चित्राची कच्ची आवृत्ती नाही. ते वेगळंच काहीतरी आहे, ते वाढू द्या. त्याच व्हिएन्नात पुढे व्हिक्टर लोवेनफेल्ड तयार झाला. हा अंध मुलांना शिकवायचा. ज्यांना दिसत नाही किंवा फार कमी दिसतं, ती मुलं मातीत माणसांचे आकार करत होती आणि त्यात त्यांच्या स्वतःच्या शरीराचा अनुभव उतरत होता. समोर नमुना नसतानाही मूल घडवू शकतं, हे त्याने डोळ्यांसमोर बघितलं.

१९३८ मध्ये नाझींनी ऑस्ट्रिया घेतलं. लोवेनफेल्ड ज्यू होता. त्याला देश सोडावा लागला. तो अमेरिकेत पोचला आणि १९४७ मध्ये त्याचं 'क्रिएटिव्ह अँड मेंटल ग्रोथ' हे पुस्तक आलं. चित्रशिक्षकांच्या अनेक पिढ्या त्यावर वाढल्या. रंगभरणाच्या पुस्तकांवर या माणसाचा राग होता.

त्याचं म्हणणं असं. वर्गातल्या प्रत्येक मुलाचं कुत्र्याशी नातं वेगळं असतं. कुणाला कुत्रा चावलेला असतो, कुणी कुत्र्याला मिठी मारून झोपतं. मोकळ्या कागदावर हे सगळं उतरतं. पण छापील कुत्रा दिला की सगळ्यांचा कुत्रा एकच. आणि खरा तोटा नंतर होतो. तो छापील कुत्रा इतका सफाईदार असतो, की स्वतःचा काढलेला कुत्रा मुलाला वेडावाकडा वाटायला लागतो. मग मूल म्हणतं, मला नाही येत.

त्याच्या पुस्तकात एका मुलाने काढलेल्या पक्ष्यांचा दाखला आहे. आधी मुलाचे स्वतःचे पक्षी. मग अभ्यासाच्या वहीतला छापील पक्षी, जो त्याला गिरवायला आणि रंगवायला लागला. आणि त्यानंतर पुन्हा काढलेले पक्षी, जे त्या छापील पक्ष्याची नक्कल आहेत. हे वाचताना मला भिंतीवरचा तीन पायांचा हत्ती आठवला. तो हत्ती पळत होता हो.

दुसरी बाजूही ऐका

पण थांबा. दुसऱ्या तटावर मारिया माँटेसरी आहे, आणि तिला सहज बाजूला सारता येत नाही.

१९०७ मध्ये रोमच्या सॅन लोरेन्झो या गरीब वस्तीत तिने पहिलं बालघर काढलं. तिच्या साधनांमध्ये धातूच्या चौकटी होत्या. गोल, त्रिकोण, लंबगोल. मुलाने त्या आकाराभोवती पेन्सिल फिरवायची आणि मग आतली जागा रंगीत पेन्सिलीच्या बारीक रेघांनी भरायची. रेषेच्या आत राहायचं. म्हणजे बघायला गेलं तर रंगभरणच की! पण माँटेसरीने हे चित्रकला म्हणून दिलेलं नव्हतं. हे लिहिण्याआधीचं काम होतं. बोटांना पेन्सिलीची सवय व्हावी, कुठे थांबायचं ते हाताला कळावं, आणि मूल हातातल्या कामात रमावं.

आपल्याकडे हा विचार ताराबाई मोडकांनी आणला आणि तो आपल्या मातीत रुजवला. महागडी साधनं खेड्यात कोण घेणार? म्हणून १९४५ पासून बोर्डीला आणि नंतर कोसबाडला ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी पानं, बिया, शिंपले अशी आसपासची साधनं घेतली. हाताला काम, डोळ्याला काम, खर्च जवळपास शून्य.

आणि पहिल्या तटाचा माणूसही महाराष्ट्रात होता बरं का. देवी प्रसाद. शांतिनिकेतनात नंदलाल बोस यांच्या कलाभवनात शिकलेले, १९४४ मध्ये वर्ध्याजवळ सेवाग्रामला आले आणि गांधीजींच्या नई तालीममध्ये मुलांना चित्रकला शिकवायला लागले. कला हा शाळेतला फावल्या वेळचा तास नाही, शिक्षणाचा पायाच कलेवर असावा, असं ते मानायचे. पुढे त्यांच्या पुस्तकाचं नावही तेच झालं, 'आर्ट: द बेसिस ऑफ एज्युकेशन'.

मग १९७७ मध्ये अमेरिकेत ब्रेंट आणि मार्जरी विल्सन या जोडीने वेगळाच खडा टाकला. त्यांनी चित्रं काढणाऱ्या मुलांना विचारलं, हे कुठून शिकलास? तर जवळपास प्रत्येक चित्राचं मूळ दुसऱ्या कुठल्या तरी चित्रात सापडत होतं. कॉमिक्स, टीव्ही, मोठ्या भावाची वही. त्यांचं म्हणणं, नक्कल म्हणजे पाप नाही. भाषा जशी ऐकून येते, तशी चित्रंही बघून येतात. यात तथ्य आहेच. आपण तरी पहिलं घर कसं काढलं होतं? दोन डोंगर, मधे सूर्य, एक वाट. ते आपण खिडकीतून बघून काढलं होतं का? वर्गातल्या कुणाचं तरी बघूनच ना!

मग त्या अर्ध्या तासाचं काय?

एकाग्रतेकडे येऊया. "पोरगं शांत बसतं" हे सगळे आईबाबा सांगतात. त्यात काही आहे का?

२००५ मध्ये अमेरिकेतल्या नॅन्सी करी आणि टिम कॅसर यांनी एक प्रयोग केला. ८४ कॉलेज विद्यार्थी. आधी त्यांना स्वतःच्या आयुष्यातला भीतीचा प्रसंग लिहायला लावला, म्हणजे थोडा ताण वाढावा. मग तीन गट. एकाला रंगवायला मंडल, एकाला चौकटींची नक्षी आणि एकाला कोरा कागद. वीस मिनिटं रंगवा. मंडल आणि चौकटीवाल्यांची बेचैनी कोऱ्या कागदवाल्यांपेक्षा जास्त उतरली.

हे मोठ्या मुलांवर झालं आणि मोजलं ते ताणाबद्दल. सहा वर्षांच्या पोरीला ते जसंच्या तसं लावू नका. पण विचार करायला एक धागा मिळतो. कोऱ्या कागदावर प्रत्येक क्षणी ठरवावं लागतं, काय काढू, कुठे काढू, बरं दिसेल का. छापील आकारात निम्मे निर्णय आधीच झालेले असतात, म्हणून मन स्थिरावत असावं. पण गंमत बघा, मनाला निवांत करणारी जी गोष्ट, म्हणजे कमी निर्णय, तीच कल्पनाशक्तीला उपाशी ठेवते. कल्पनाशक्ती म्हणजे निर्णय घेणंच की!

मला वाटतं, दोन्ही तट आपापल्या जागी बरोबर होते. माँटेसरीला माहीत होतं की आपण हात घडवतोय. लोवेनफेल्डला माहीत होतं की आपण मन जपतोय. घोळ होतो तो आपण रंगभरणाचं पान देतो, मूल शांत बसतं, आणि आपण म्हणतो, "वा, किती क्रिएटिव्ह!" तिथे. पानाने हाताला शिस्त दिली, लक्ष दिलं. कल्पना त्याने दिलेली नाही. ती वेगळी द्यावी लागते.

अर्धं पान

ती द्यायची कशी, याचंही एक उत्तर इतिहासात आहे. १९७८ मध्ये सुझन स्ट्रायकर या चित्रशिक्षिकेने एडवर्ड किमेलसोबत 'द अँटी-कलरिंग बुक' काढलं. पानावर थोडंसंच चित्र आणि सोबत एक प्रश्न. उरलेलं मुलाने पूर्ण करायचं. छापील रेषा आहे, पण ती सुरुवातीपुरती.

आणि हे ऐकून मला आपली ठिपक्यांची रांगोळी आठवली. ठिपके ठरलेले असतात, ओळीत, मोजून. त्यामुळे हात घाबरत नाही. पण रेषा कशी वळवायची, कुठे मोर आणि कुठे कमळ, रंग कुठला, ते दारात बसलेली बाई ठरवते. आजी ठिपके काढून द्यायची आणि म्हणायची, आता तू जोड. यात माँटेसरीही आली आणि लोवेनफेल्डही.

तर परवा पुन्हा ताईकडे गेले. या वेळी मी त्याच प्रिंटचं कात्रीने काम केलं. जलपरीचा फक्त चेहरा आणि हात ठेवले, कमरेखालचं कापून टाकलं आणि ते कोऱ्या कागदावर चिकटवलं. भाचीला म्हटलं, "ही आपल्या कोकणातल्या समुद्रात राहते. खाली काय असेल?"

पहिली पाच मिनिटं "तूच काढ ना मावशी" चाललं. खोटं कशाला सांगू. मी काढलं नाही, नुसती शेजारी बसले आणि माझ्या कागदावर माझं काहीतरी गिरगटत राहिले. तेही वाईटच आलं, ते बघून तिला जरा धीर आला असावा. मग तिने एक शेपटी काढली. वाकडी. मग शेपटीला खिसा काढला. मी विचारलं, हे काय? "डबा ठेवायला."

शेपटी हिरवीच केली, बरं का! खिसा मात्र जांभळा.

जाता जाता अँडरसनबद्दल एक गोष्ट. हा माणूस मुलांना गोष्ट सांगताना हातात कात्री आणि कागद घेऊन बसायचा. गोष्ट चालू, कात्री चालू. शेवटी कागद उलगडला की आत काहीतरी निघायचं. नर्तिका, राजहंस, किल्ला. त्याने कापलेले कितीतरी कागद आजही जपून ठेवलेले आहेत. जलपरी लिहिणारा माणूस आधी रेषा आखून कापत नव्हता. मुलांसमोर चुकायची त्याची तयारी होती.

म्हणून घरात लहान मूल असेल, तुमचं, भावाचं, शेजारचं, तर प्रिंट जरूर काढा. अर्ध्या तासाची शांतता कुणाला नकोय! पण एखाद्या दिवशी ते पान अर्धं कापा. आणि शेजारी बसून स्वतःही काहीतरी वाईट काढा.

तुमच्या घरातल्या जलपरीची शेपटी कुठल्या रंगाची आहे ते आम्हाला नक्की कळवा. भाग आवडला असेल तर त्या मावशीला, काकाला, मामाला पाठवा, ज्याच्या मोबाइलमध्ये अशा प्रिंट भरून पडल्या आहेत. भेटूया पुढच्या भागात. तोपर्यंत, ऐकत राहा!